यंदा उशिरा

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दादाचा फोन आला. पाणीपाऊस, आईचे गुडघे, भावकीतलं एक लग्न, असं सगळं बोलून झाल्यावर म्हणाला, "यंदा नाताळात येऊ नगा. संक्रांत झाल्यावर बघू." का, म्हणून विचारलं तर, "हुरडा न्हाई." एवढंच. आमच्या घरात लग्नं पुढे ढकलली गेली आहेत, बारशी ढकलली गेली आहेत. पण हुरडा नाही म्हणून लेकीनं माहेरी येऊ नये, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आम्ही गेलोच. पोरांच्या शाळेला २४ डिसेंबरपासून सुट्टी होती आणि शाळेचं पत्रक जोंधळ्याला कोण वाचून दाखवणार? यांना रजा नव्हती, तेव्हा मी आणि दोन पोरं, स्वारगेटहून सोलापूरची एसटी. थोरला आता सातवीत, त्यामुळे खिडकी धाकटीला देऊन आपण मोठे झालो हे दाखवण्याच्या वयात आहे. यवतच्या पुढे रस्त्याच्या कडेला 'हुरडा पार्टी'चे फलक सुरू झाले. माणशी दर, उंटावरची फेरी, बैलगाडी, दुपारचं जेवण. "इथं आहे की हुरडा," धाकटी म्हणाली. आहे खरा. पाण्याखालची जमीन, टप्प्याटप्प्यानं केलेली पेरणी. तिथला हुरडा तारखेला हजर असतो. मी नाक मुरडत नाही. त्या आगट्यांपुढे बसून कणसं चोळणाऱ्या बायकांना थंडीच्या दिवसांत चार पैसे मिळतात, ते वाईट कसं म्हणू? पण आमच्याकडचा जोंधळा जिराईत. त्याचं घड्याळ वेगळं.

भिगवणच्या पुढे उजनीचं पाणी दिसायला लागलं. दर वर्षी इथे पोरं फ्लेमिंगो शोधतात. एसटीतून ते दिसत नाहीत, दिसलेच तर लांबवर गुलाबीसर डाग, तरी शोधायचेच असा रिवाज आहे. यंदा पाणी पार काठाला भिडलेलं. शेजारच्या सीटवरचे टोपीवाले आजोबा म्हणाले, "पाणी उतरल्याबिगर ती पाखरं येत न्हाईत. गुडघाभर पाणी आन् चिखल लागतो त्यांना. आता कुठं उभी ऱ्हाणार?" धाकटीनं माझ्याकडे असं पाहिलं की, हुरडा नाही, फ्लेमिंगो नाही, मग आपण चाललोय कशाला?

टेंभुर्णीनंतर उसाचे ट्रॅक्टर लागले. गळिताचा हंगाम ऐन भरात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागे-पुढे झुलणाऱ्या, वर स्पीकरवर गाणी. एसटी त्यांच्या मागे रांगते, ड्रायव्हर अंदाज घेतो, निघतो, पुन्हा पुढचा ट्रॅक्टर. मोडनिंब, शेटफळ, आणि दुपारी तीनला मोहोळ.

पुणे-सोलापूर रस्त्यावरून जाणाऱ्या बहुतेकांनी मोहोळ नुसतं ओलांडलेलं असतं. उड्डाणपूल झाल्यापासून तर तेही खालून जातं. पण १८६० साली काही महिने या मार्गावरची रेल्वे मोहोळलाच संपत होती. जानेवारीत रूळ इथवर आले आणि सोलापूरला पोचायला जून उजाडला. तेवढे पाच महिने सोलापूरला जाणारा माणूस इथे उतरून बैलगाडी धरत असणार. आम्हीही तेच करतो, म्हणजे उतरतो. बैलगाडीऐवजी दादा कुणाचा तरी छोटा हत्ती मागून आणतो. पोरांना मागच्या हौद्यात बसायला मिळतं आणि पुण्यात सीटबेल्टवरून भांडणारी मी तेवढ्यापुरती गप्प बसते.

निघण्याआधी नागनाथाच्या देवळात जायचं, हा आबांनी घालून दिलेला नेम. नागेश संप्रदायाचं हे जुनं ठाणं, आणि आमच्या पंचक्रोशीत कुठलंही काम नागनाथाचं नाव घेतल्याशिवाय सुरू होत नाही. पोरांचं लक्ष मात्र देवळाबाहेरच्या बोरांच्या ढिगाऱ्यावर. दादानं पावशेर बोरं घेतली आणि त्यांच्या हातात लांबोटीच्या चिवड्याचं पुडकं दिलं. मक्याच्या पोह्यांचा हा चिवडा तिखट असतो, साधासुधा तिखट नव्हे. थोरल्यानं पहिला घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, आणि मामा बघतोय म्हणून दुसरा घेतला.

गावाकडे वळताना दादा म्हणाला, "तुझ्या पोरांना सांगितलंस का, मालदांडी इथली म्हणून?" सांगितलं नव्हतं. आमच्या घरी रोज जी भाकरी होते ती 'मालदांडी ३५-१'ची. शेतकऱ्यांच्या शिवारात पिढ्यान् पिढ्या असलेल्या मालदांडीतून चांगली ताटं निवडत निवडत १९३०च्या दशकात हे वाण काढलं, ते इथे मोहोळला. कुठे संकर नाही, परदेशी बी नाही, निव्वळ पारख. नव्वद वर्षं होत आली. मधल्या काळात कितीतरी नवी वाणं आली, तरी रब्बी ज्वारीत कुणी नवं काही काढलं की ते आधी मालदांडीशेजारी उभं करून बघतात. दाणा मोत्यासारखा, कडबा गोड, आणि पाऊस परत गेल्यावर काळ्या रानात जी ओल मुरलेली असते तेवढ्यावर, थंडीत, दवात वाढायची ताकद. शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्याकडे थोडी असूया झाली होती. "कागद त्यांच्याकडं, नाव आमच्याकडं," असं आबा म्हणायचे, हसत.

पण ती ओलच यंदा उलटली. २०२५च्या सप्टेंबरात सीनेला जो पूर आला तो आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनीही पाहिला नव्हता. लांबोटीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक थांबली होती, तेव्हा मी पुण्यात टीव्हीवर आमच्याच ओळखीच्या पुलाची चित्रं बघत दादाला फोन लावत होते आणि तो लागत नव्हता. तीन महिन्यांनी, आता छोट्या हत्तीतून जाताना, नदीकाठच्या बाभळींकडे पाहिलं. माझ्या डोक्याच्या दुप्पट उंचीवर फांद्यांत एक साडी अडकलेली. ठिबकच्या काळ्या नळ्यांची जटा झालेली. कडब्याच्या पेंढ्या, प्लॅस्टिकची खुर्ची. सगळं वाळून, उन्हात फडफडत. "पाणी तिथपर्यंत होतं?" थोरल्यानं विचारलं. दादा म्हणाला, "व्हय." आणि गिअर बदलला.

नदीकडचं आमचं रान खरवडून गेलं. वरची काळी माती नदीनं नेली, खालचा मुरूम उघडा पडला. सोयाबीन गेलं, तूर गेली. राहिलं ते वरच्या अंगाचं दोन एकर. आमच्याकडे जोंधळा पेरायचा तो उत्तरा-हस्ताच्या सुमाराला, सप्टेंबरच्या मध्यापासून. पण वरच्या रानातही दिवाळीपर्यंत पाय रुतत होता. आपल्या भाषेत यासाठी एक शब्द आहे, वापसा. माती फार ओलीही नाही आणि फार कोरडीही नाही, मुठीत धरली की गोळा होतो आणि बोटानं दाबला की फुटतो, असा तो मोजका काळ. तो येईपर्यंत तिफण चालत नाही, मग शेतकरी कितीही घायकुतीला येवो. दादा रोज सकाळी बांधावर जायचा, मूठभर माती उचलायचा, दाबायचा, टाकून द्यायचा. वहिनी सांगत होती, "माणूस चाळीस दिवस माती दाबत होतं बघा." भाऊबीज झाली, त्यानंतर दोन आठवड्यांनी, नोव्हेंबरच्या पाच तारखेला पेरणी झाली. हुरड्याला नव्वद-शंभर दिवस लागतात. हिशेब बोटांवर करता येतो.

घरी पोचलो तेव्हा आई ओसरीवर उन्हात बसली होती. पोरांच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, आणि लगेच, "हुरडा न्हाई बरं का यंदा." जणू पाहुण्यांना चहा नाही असं सांगावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे रानात गेलो. जोंधळा माझ्या कमरेला लागत होता, धाकटीच्या छातीला. पोटरीसुद्धा धरलेली नव्हती. दव इतकं होतं की बांधावरून दहा पावलं चालल्यावर माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजली. बांधाच्या कडेला गुळभेंडीचे चार तास आहेत. मालदांडी खाण्यासाठी, गुळभेंडी हुरड्यासाठी. तिचा दाणा हातावर चोळला की बोंडातून सहज सुटतो आणि चवीला गोड. ते चार तास आबांच्या काळापासून कधी चुकले नाहीत. यंदा बी कणगीत भिजून कुबट झालं होतं, तेव्हा दादानं दुसऱ्या गावच्या सोयऱ्याकडून शेरभर आणलं. नदीकडचं रान गेलेला माणूस शेरभर गुळभेंडीसाठी पंचवीस किलोमीटर मोटरसायकल मारत गेला, हे वहिनीनं तक्रारीच्या सुरात सांगितलं. सूर तक्रारीचा होता, चेहरा नव्हता.

धाकटीनं आपल्या वेणीची लाल रिबीन सोडली आणि गुळभेंडीच्या एका ताटाला बांधली. "हे माझं. मामा, ह्याचा फोटो पाठवायचा."

"रोज?"

"रोज नको. काही झालं की."

दादानं मान डोलावली. तो असे करार मोडत नाही.

माझ्या लहानपणी ही बातमी पोस्टकार्डानं जायची. आत्या सोलापूरला दिलेली, आमचे मामंजी, म्हणजे आत्याचे यजमान, लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये. दाण्यात दूध भरलं की आबा कार्ड लिहायचे. मजकूर ठरलेला: हुरडा आला, लेकरं घेऊन या. दूध, मग चीक, मग हुरडा. त्यानंतर दाण्यातली साखर पिठूळ व्हायला लागते आणि कणीस टणकतं. मधले जेमतेम आठ-दहा दिवस. कार्ड पोचायला दोन दिवस, मामंजींची पाळी बदलून घ्यायला दोन दिवस, म्हणजे हाताशी उरले चार. आत्याची पोरं शाळा बुडवून यायची, मामंजी रात्रपाळी करून थेट स्टेशनवर, आणि मोहोळला उतरून बैलगाडीत झोपायचे. रविवार आहे की सोमवार, कुणी विचारायचं नाही. आम्ही पुण्याला आलो, पोरांच्या शाळांना नाताळची सुट्टी असते हे कळलं आणि योगायोगानं ती हुरड्याच्या दिवसांत पडायची. इतकी वर्षं पडत राहिली की मला वाटायला लागलं, जोंधळा नाताळासाठीच पिकतो.

आमच्या भाचरांना मात्र नाताळची सुट्टी म्हणजे एकच दिवस, पंचवीस तारीख. सव्वीसला शुक्रवार, त्यांची जिल्हा परिषदेची शाळा भरली. माझी दोघं सकाळी आठला दप्तरं नसताना त्यांच्याबरोबर निघून गेली आणि दुपारपर्यंत फिरकली नाहीत. मी बघायला गेले तर तिसरीचा वर्ग बाहेर पटांगणात उन्हाला भरलेला. थंडीत आमच्याकडे असंच; ऊन सरकेल तसा वर्ग सरकतो. धाकटी माझ्या भाचीला खेटून बसलेली, बाई फळ्यावर बाकी काढून घेत होत्या आणि हिनं हात वर केलेला. पुण्यात हात वर करत नाही, अशी हिच्या बाईंची तक्रार आहे. मी लिंबाच्या झाडाआड थांबले. मधल्या सुट्टीत खिचडीची रांग लागली, तिनं भाचीच्या ताटलीतली अर्धी खाल्ली आणि घरी येऊन आजीला सांगितलं, "शाळेत जेवायला देतात!" सुट्टीत शाळेला जाण्याची गंमत त्या वयालाच कळावी.

शनिवारी सकाळची शाळा होती. हे दोघं पुन्हा गेले. त्यांच्या पुण्याच्या शाळेनं दिलेला सुट्टीतला अभ्यास दप्तरासकट पुण्यातच राहिला होता, हे मला रविवारी कळलं.

हुरडा नसला तरी आगटी सुनी ठेवायची नाही, हे दादानं पंचवीसच्याच संध्याकाळी ठरवलं. वस्तीपुढे हातभर खड्डा, त्यात गोवऱ्या आणि तुरीच्या वाळल्या काड्या. आग बसून निखारे झाले की त्यात जे हाती लागेल ते. रताळी, वांगी, मक्याची दोन-चार कणसं, ओंजळभर शेंगा. हरभऱ्याचे घाटे असते तर हुळा झाला असता, पण हरभराही पेरला उशिराच. वहिनीनं उखळात शेंगाची चटणी कुटलेली, तेल सुटेपर्यंत. आमच्याकडे चटणी पूड नसते, ती बोटाला चिकटावी लागते. निखाऱ्यातलं वांगं सोलून त्यात कच्चा कांदा, मीठ, हिरवी मिरची. कडक भाकरी. ताकाचं मडकं.

शेजारच्या शेतात ऊसतोडीची टोळी उतरली होती. बीडकडची माणसं. दिवाळी झाली की निघायचं, उन्हाळा लागला की परतायचं. पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या, दारात बैल. आग दिसली तशी त्यांची तीन पोरं येऊन अंतरावर उभी राहिली. दादानं हाक मारली, "या रं, बसा." ती बसली. थोड्या वेळानं त्यातला मोठा उठून गेला आणि उसाचं एक अख्खं कांडकं घेऊन आला. रिकाम्या हातानं कसं खायचं, हे त्याला कुणीतरी शिकवलेलं. तो माझ्या थोरल्याच्याच वयाचा. "तुला सुट्टी आहे का?" थोरल्यानं विचारलं. "मला कायमचीच हाय," तो म्हणाला आणि दातानं ऊस सोलू लागला. थोरल्याला आधी तो नशीबवान वाटला. मग तो गप्प झाला. पुढे दोन दिवस दोघं मिळून बोरीच्या झाडाला दगड मारत होते.

त्या रात्री आई बरीच बोलली. एरवी ती निखाऱ्याकडे बघत बसते. म्हणाली, हुरडा नसलेला हिवाळा तिनं याआधी एकदाच पाहिला, बहात्तरच्या दुष्काळात. नुकतं लग्न होऊन आलेली, अठरा वर्षांची. रानात जोंधळा उगवलाच नव्हता. खडी फोडायला जायचं आणि रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळायचा. त्याची भाकरी थापताना फुटायची. "सासूबाईंनी मला शिव्या घातल्या, हिला भाकरी येत न्हाई म्हणून. मग स्वतः थापायला बसल्या. फुटली." आई हसायला लागली. "मग म्हणाल्या, ही जवारी न्हाई, हे दुसरंच कायतरी हाय. तवापासनं आमचं दोघींचं जमलं." पन्नासहून जास्त वर्षं या घरात राहून ही गोष्ट मला तिनं कधी सांगितली नव्हती. हुरडा असला की आमची तोंडं रिकामी नसतात, हे कारण असेल.

निखारे राखेत झाकले गेले तसा गार वारा अंगावर आला. चंद्र केव्हाच मावळला होता. थोरला गोधडीत तोंडापर्यंत शिरून आभाळाकडे बघत होता, दादानं त्याला तिकांडं दाखवलं, मग बाजलं दाखवायला गेला तर ते अजून उगवायचं होतं. "त्ये पहाटं येतंय. उठवू का?" थोरला हो म्हणाला. पहाटे चारला दादानं खरंच उठवलं. मला वाटलं, पोरगं कुरकुर करणार. दोघं अंगावर एकच घोंगडं घेऊन उकिरड्याजवळ उभे होते आणि दादा बोटानं बाजेचे चार खूर मोजून दाखवत होता.

अठ्ठावीसला निघालो. पिशव्यांत भरायचा कार्यक्रम नेहमीचाच: कडक भाकरीची चळत, चटणीचा डबा, शेंगा, उसाचे करवे, आईनं शिवलेली दुपट्याएवढी गोधडी, "थंडी असंल तिकडं" म्हणून. दर वर्षी वर फडक्यात बांधलेला भाजका हुरडा असतो आणि तो इंदापूर यायच्या आत संपलेला असतो. यंदा वहिनीनं ती जागा गेल्या सालच्या मालदांडीनं भरली, दहा किलो. निघताना ती मलाच विचारत होती, "संक्रांतीला सुगडात कणीस कुठनं घालू आता?" घाटे नाहीत, कणीस नाही, बोरं, गाजर, ऊस एवढ्यावर भागवावं लागणार होतं. आईनं दारातूनच उत्तर दिलं, "जे हाय ते घाल. देवाला म्हाईत हाय की पूर आलेला."

फोटो येत राहिले. तीन जानेवारीला पहिला: ताट आणि रिबीन, बाजूला मोजायला दादाचा पंजा. मग आठवडाभर काही नाही. काही झालं नव्हतं. भोगीच्या दिवशी, १३ जानेवारीला, मी पुण्यात बाजरीच्या भाकरीला तीळ लावत होते तेव्हा दुसरा आला. पोटरी धरलेली, पानाच्या आवरणात कणीस फुगलेलं, गाभण म्हशीसारखं. खाली दादानं लिहिलेलं, "पोटरीत हाय." धाकटीनं तो शब्द माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला आणि शाळेत जाऊन सगळ्यांना सांगितला. वर्गात कुणालाच कळला नाही याचा तिला आनंद झाला.

काल तिसरा आला. निसवलंय. कणीस पूर्ण बाहेर, रिबीन दवानं भिजून काळपट लाल झालेली, खाली सरकून पेरावर अडकलेली. दादाचा अंदाज आठ फेब्रुवारीचा, दोन दिवस इकडे, दोन दिवस तिकडे. मी दिनदर्शिका बघितली, रविवार आहे. नऊला सोमवारी धाकटीची गणिताची चाचणी. वही एसटीत उघडता येते. स्वारगेटहून पहाटे साडेपाचची गाडी धरली तर अकराच्या आत मोहोळ. दादाला सांगितलंय, छोटा हत्ती बघून ठेव.